मगदूम अण्णांचा खिळा

मगदूम अण्णा कुठलीही स्लाईड आपल्याला दाखवताना एक शब्द बोलत नसत. आधी ते स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावून बघायचे, कोऱ्या कागदाच्या चिठोऱ्यावर दोन-तीन शब्द लिहायचे, चिठोरं टेबलावर पालथं घालून त्यावर एक रिकामी बाटली ठेवायचे आणि खुर्ची सोडून उठायचे. मग आपण बसायचं. आपल्याला काय दिसलं ते दुसऱ्या चिठोऱ्यावर लिहायचं. मग दोन्ही चिठ्ठ्या एकदम उलट्या करायच्या. दोघांचं जुळलं तर रिपोर्ट डॉक्टर मॅडमच्या सहीला जायचा. नाही जुळलं तर दोघांनी मिळून पुन्हा बघायचं, आणि ज्याचं चुकलं असेल त्याने आपली चिठ्ठी आपल्या हाताने भिंतीवरच्या खिळ्याला टोचायची.

तो खिळा टेबलाच्या बरोबर समोर होता. सांगलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमची लॅब. भिंतीवर देवाचा फोटो नाही, कॅलेंडर नाही, फक्त खिळा आणि त्याला अडकलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. मी कामाला लागले त्या दिवशी मला वाटलं, चहाची बिलं असतील.

अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "गाव कुठलं गं?"

"कोरेगावजवळ. सातारा जिल्हा."

"साताऱ्याकडची म्हंजे घरात फौजी असणारच."

"वडील सुभेदार होते."

"मग बरं हाय. शिस्त अंगात असंल," असं म्हणून त्यांनी एक स्लाईड लावली, चिठोऱ्यावर काहीतरी खरडलं, ते पालथं घातलं आणि उठून हात धुवायला गेले. कुणाच्या तरी नखाचा भुगा होता. मला त्यात एक लांबलचक धागा दिसला. कॉलेजात नुकतंच शिकलेलं. मी मोठ्या रुबाबात "बुरशी" असं लिहून खाली रेघ मारली. चिठ्ठ्या उलट्या केल्या तर अण्णांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "कापूस".

"कापसाचा धागा कुठंबी जातोय, कसाबी वळतोय," ते म्हणाले. "बुरशी नेटकी असती. तिच्या धाग्यात पडदं असत्यात, ठराविक ठिकाणी फाटं फुटत्यात. कापसाला फाटं फुटत न्हाईत. बघ परत."

मी परत बघितलं. कापूसच होता.

"टोच," अण्णा म्हणाले.

सुभेदाराच्या लेकीने पहिल्याच दिवशी खिळ्याला चिठ्ठी टोचली. पुढच्या नऊ वर्षांत त्या गठ्ठ्यात माझ्या अक्षरातल्या पुष्कळ जमा झाल्या. अण्णांच्या अक्षरातल्या चार-दोन होत्या, पण त्या माझ्या येण्याआधीच्या, तळाला पिवळ्या पडलेल्या. मी आल्यापासून त्यांची एकही नाही. एकदा तरी अण्णांना खिळ्याजवळ उभं करायचं, ही माझी त्या नोकरीतली एकमेव महत्त्वाकांक्षा होती.

त्यांचं पूर्ण नाव सुकुमार मगदूम. नाव सुकुमार आणि देह तालमीतला. रुंद खांदे, मोठे पंजे, आणि त्या पंजांत काचेची स्लाईड अशी धरायचे की तिच्यावर बोटाचा ठसा म्हणून उमटायचा नाही. तोंडावर कायम मास्क. सगळं जग मास्क लावायला लागलं त्याच्या कितीतरी आधीपासून अण्णा रस्त्यात, एसटीत, देवळात मास्क लावून फिरायचे. बाजारात पोरं हसायची. मग ती साथ आली आणि सगळ्यांच्याच तोंडाला फडकी आली. तेव्हा अण्णा म्हणाले, "आता कशी सगळी माझ्या पंगतीला बसली!"

मास्कचं कारण त्यांच्या पोटात होतं. मी लॅबमध्ये आले त्याच्या तीन वर्षं आधी त्यांना किडनी बसवली होती. रक्तदाबाने दोन्ही किडन्या गेल्या, वर्षभर डायलिसिस झालं आणि मग त्यांच्या थोरल्या बहिणीने, पद्माक्कांनी, आपली एक दिली. तेव्हापासून सकाळी आठ आणि संध्याकाळी आठला गोळ्या. घड्याळ चुकेल, अण्णांची गोळी चुकायची नाही. जेवण मात्र दिवस मावळायच्या आत, कारण घर जैनांचं. शिळं खायचं नाही, अळंबी खायची नाही, हे त्यांच्याकडे मुळातच होतं. "डॉक्टरनं शिळ्याची बंदी घातली तवा मी म्हटलं, सायेब, ही बंदी आमाला लय जुनी हाय."

बुरशीचा शरीराशी काय संबंध असतो हे मी पुस्तकातून पाठ केलं होतं, पण मला ते कळलं अण्णांकडून, आणि तेही एका द्राक्षबागायतदारामुळे. तासगावकडचे गृहस्थ होते. मांडीवर गजकर्ण झालेलं. आधी त्यांनी मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून मलम आणलं. दोन दिवसांत लाली गेली, खाज गेली. पंधरा दिवसांनी ते दुप्पट होऊन आलं. मग परत मलम. असं तीनदा झाल्यावर त्यांनी आपल्या बुद्धीने इलाज केला. बागेत घडांवर पांढरी भुरी धरते, तीही बुरशीच. तिच्यासाठी फवारायचं औषध घरात होतंच. ते त्यांनी पाण्यात कालवून मांडीला चोळलं. आमच्याकडे आले तेव्हा पाय फाकवून चालत होते.

"बागंला चालतंय ते मला का चालू नये?" त्यांचा सवाल होता.

"मालक," अण्णा अगदी गंभीरपणे म्हणाले, "बागंला कातडं न्हाई. तुमाला हाय. वेलीच्या अंगात फिरतं राखणदार नसत्यात, म्हणून तिला भाईरनं फवारावं लागतंय. तुमच्या अंगात जल्मल्यापासनं राखण बसलीया. पर तुमी काय केलासा? ह्या मलमात स्टेरॉईड हाय. कातडं लाल कशानं झालंतं? बुरशीसंगं राखणदार भांडत हुता म्हणून. तुमी भांडणाऱ्यालाच झोपवलासा. लाली गेली, तुमाला वाटलं रोग गेला. आन बुरशीला शिवार मोकळं!"

गृहस्थांनी आपल्या मांडीकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे खाजत हुतं ते चांगलं हुतं म्हना की!"

"बरंच बरं हुतं," अण्णा म्हणाले आणि त्यांना वर कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवून दिलं.

ते गेल्यावर अण्णांनी मला बाकीचं सांगितलं. राखण हा त्यांचा आवडता शब्द. लहानपणी ते ज्वारीच्या रानात मचाणावर बसून गोफणीने पाखरं हाकत. त्यांच्या मते सगळं शरीर म्हणजे तसंच एक रान. बुरशीचं बी हवेत सगळीकडे असतं, दर श्वासाला थोडंफार आत जातंच. "ती वैरी न्हाई," ते म्हणायचे. "बुरशी नसती तर पाला कुजला नसता, शेणाचं खत झालं नसतं. ती तिचं काम करती. आपली राखण जागी हाय का, येवढंच बघायचं."

बी फुप्फुसात उतरलं की तिथे बसलेल्या मोठ्या पेशी ते गिळून टाकतात. पण बी येतं ते वरून आवरण घेऊन, त्यामुळे लगेच ओळख पटत नाही. ते फुगून रुजायला लागलं, आवरण सुटलं, की आतली भिंत उघडी पडते आणि राखणदार तिला नेमकी ओळखतो. तेवढ्यातूनही एखादं निसटून त्याचा धागा लांबला, तर तो गिळता येत नाही, तोंडात मावतच नाही. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी झुंडीने येतात, धाग्याला चिकटतात, त्याच्यावर विष सोडतात. काही तर स्वतः फुटून आपल्या पोटातलं जाळं त्याच्यावर फेकतात. "स्वतः मरत्यात, पर पाय अडकवून मरत्यात," अण्णा म्हणायचे. या सगळ्यांना हाका मारून कामाला लावणाऱ्या आणखी वेगळ्या पेशी असतात. त्यांना अण्णा मुकादम म्हणत.

"आणि तुमच्या गोळ्या?" मी विचारलं होतं.

"माझ्या गोळ्या मुकादमाला गप बसवत्यात. अक्काची किडनी माझ्या अंगाला पाव्हणी. राखणदाराला पाव्हणा कोण आन चोर कोण, हे कळत न्हाई. जागा झाला की पहिली तिच्यावर धावंल. म्हणून रोज दोन टायमाला त्याला सांगायचं, नीज बाबा. आन चोरावर आपुनच नजर ठेवायची." मग मास्ककडे बोट दाखवून म्हणाले, "ही माझी गोफण."

हे सगळं ते दुसऱ्या कुणाच्या आजाराबद्दल बोलावं तसं बोलायचे. त्यात रडगाणं नव्हतं. मायक्रोस्कोपखाली रोज ज्या गोष्टी बघायच्या त्यांच्यापुढे आपलं अंग उघडं पडलेलं आहे, हे माहीत असलेला माणूस इतका निवांत कसा, याचं मला नवल वाटायचं. मी त्यांच्या जागी असते तर नोकरी बदलून कापडाच्या दुकानात बसले असते.

पद्माक्का महिन्यातून एकदा सांगलीत यायच्या. तासगावच्या पुढच्या गावात त्यांचं घर, द्राक्षाची बाग, बेदाण्याचं शेड. बुटक्या, सडपातळ, नऊवारीतल्या बाई. लॅबच्या दारात उभ्या राहून हाक मारायच्या, "सुकू!" आणि हा तालमीतला माणूस ताडकन उठून उभा राहायचा. त्या पिशवीतून बेदाण्याचा पुडा काढायच्या, मला मूठभर द्यायच्या, भावाच्या चेहऱ्याकडे निरखून बघायच्या आणि परतीच्या एसटीला जायच्या. किडनीचा विषय त्यांनी माझ्यासमोर एकदाही काढला नाही. शेजारणीला विरजण द्यावं तशी ती देऊन त्या विसरल्या होत्या. अण्णा विसरले नव्हते. अक्कांनी काही सांगितलं आणि अण्णांनी नाही म्हटलं, असं मी कधी बघितलं नाही. "तिच्या कुशीवर वीतभर व्रण हाय," एकदा मला म्हणाले होते. "जड घमेलं उचलताना अजून तिथं हात धरती. मी बघत असतो."

द्राक्षाच्या छाटणीच्या आधीच्या दिवसांत अक्कांच्या नातीचं बारसं झालं. अण्णा गेले आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले. महिन्या-दीड महिन्याने त्यांना खोकला सुरू झाला. बारीक ताप यायचा. मी विचारलं की म्हणायचे, "हवा बदललीया." आठवडा गेला, दुसरा गेला. त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांनी न्यूमोनियाचं औषध दिलं, त्याने उतार पडेना. तेव्हा त्यांनी थुंकी तपासायला सांगितली. हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी अण्णा नेहमीसारखे मायक्रोस्कोपवर बसले. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. मग चिठोऱ्यावर लिहिलं, पालथं घातलं, बाटली ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी बसले. स्लाईडवर नंबर होता. नाव बघायचं नाही, हाही त्यांचाच नियम. "स्लाईडला नाव नसतंय. नाव बघितलं की नजर वाकडी व्हती."

मला शोधावं लागलं नाही. बारीक, नेटके धागे, त्यांच्यात पडदे, आणि दोन बोटं फाकवावीत तसे फुटलेले फाटे. पुस्तकात छापावी अशी बुरशी. मी लिहिलं, "बुरशी. पडदे आहेत. फाटे आहेत." आणि बाटली उचलून दोन्ही चिठ्ठ्या उलट्या केल्या.

अण्णांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "बुरशी नाही."

मी दोनदा वाचलं. मग मी टाळी वाजवली, चक्क टाळी. "अण्णा! नऊ वर्षांत पहिल्यांदा! आज खिळ्यावर तुम्ही. पेढे आणा."

ते खिडकीकडून वळले नाहीत. "कापूस असंल," म्हणाले.

"कापसाला फाटे फुटत नाहीत," मी त्यांच्याच सुरात म्हटलं आणि निकाल लिहायला रजिस्टर ओढलं. नंबरासमोर नाव होतं, सुकुमार मगदूम.

आयुष्यात पुष्कळदा नको तिथे हसले आहे मी. पण त्या टाळीचा आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

"दोन दिस थांब," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "दुसरा नमुना देतो. मग लिही."

"अण्णा, दोन दिवसांत ती कुठपर्यंत जाईल ते तुम्हीच मला शिकवलंय."

"मला ठावं हाय."

"आणि स्लाईडला नाव नसतं म्हणता."

"ह्या स्लाईडला हाय," ते म्हणाले. "पर माझं न्हाई. अक्काचं हाय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बुरशीचा रिपोर्ट गेला की डॉक्टर पहिली गोष्ट करणार ती म्हणजे राखण झोपवणाऱ्या गोळ्या कमी. राखण जागी झाली तर बुरशीशी लढेल, पण अक्कांच्या किडनीवरही धावून जाईल. अण्णांना जीव जाण्याची भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही, पण किडनी जाण्याची जास्त वाटत होती. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. मी निकाल लिहिला आणि त्याच पावली जिना चढून डॉक्टर मॅडमकडे गेले. जाताना मागे वळून बघितलं. अण्णा आपली चिठ्ठी घडी करून खिशात ठेवत होते. खिळ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. त्यांना खरंच दिसलं नव्हतं, की दिसूनही लिहिता आलं नव्हतं, हे त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांना वरच्या मजल्यावर दाखल करून घेतलं. छातीच्या फोटोत उजव्या फुप्फुसात गाठ दिसली. चार दिवसांनी नमुना पेरलेल्या आमच्या प्लेटवर राखट हिरवी बुरशी उगवून आली, म्हणजे शंकेलाही जागा उरली नाही. औषध सुरू झालं होतं, पण डॉक्टरांचं म्हणणं होतं की नुसत्या औषधाने भागणार नाही, बुरशीला शेवटी अंगातलीच माणसं हाकलतात. किडनीच्या गोळ्या कमी कराव्याच लागतील. अण्णा ऐकेनात. "औषध कितीबी द्या. किडनीच्या गोळीला हात लावायचा न्हाई. सही करून देतो." माझ्याशी तर ते बोलतच नव्हते. मी खोलीत गेले की भिंतीकडे तोंड करायचे.

आणि अक्कांना त्यांनी सांगितलं होतं, साधा न्यूमोनिया आहे.

पाचव्या दिवशी अक्का मला व्हरांड्यात भेटल्या. हातात डबा. "पोरी, खरं काय झालंय गं? ह्यो न्यूमोनिया म्हनतोय, पर तोंड चोरावानी करतोय. ल्हानपणी दूध सांडल्यावर आसंच तोंड करायचा."

पेशंटची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय सांगू नये, हे मला माहीत आहे. मी सांगितली. बाकावर बसून सगळी सांगितली, बुरशी काय, राखण काय, गोळ्या काय. मग अक्कांनी एकच विचारलं, "गोळ्या कमी केल्या तर ह्यो जगंल?"

"आशा आहे. पण किडनी बहुतेक जाईल, अक्का."

"जाऊ दे की! किडनी काय माझा भाऊ हाय व्हय?" असं म्हणून त्या उठल्या आणि खोलीत गेल्या. मी मागोमाग.

"सुकू, हिकडं बघ."

अण्णांनी बघितलं. आधी अक्कांकडे, मग माझ्याकडे, आणि त्यांना कळलं.

"तिची राखण कर म्हनून दिलती व्हय रं मी तुला?" अक्का म्हणाल्या. "तुझी राखण व्हावी म्हनून दिलती."

"अक्का, तुझ्या अंगातली हाय ती."

"हुती. आता हाय का माझ्या अंगात? दिल्याली वस्तू कशी वापरायची ते घेणाऱ्यानं बघावं, पर तिच्यापायी मरायचं म्हंजे लय झालं. बारा वर्सं चालली न्हवं? बास की."

अण्णा एकदम म्हणाले, "चूक माझी हाय अक्का. बारशाला आल्तो तवा पलीकडं उकिरडा उपसून शेणखत ट्रॉलीत भरत हुते. वाफा येत हुत्या. मला कळत हुतं तिथं बसू नये. म्या मास्क काढून बसलो."

"का रं?"

"ज्या घरानं मला अंगातलं काढून दिलं, त्या घरात तोंड बांधून बसायला लाज वाटली."

ज्या माणसाला उभ्या गावात, देवळात, एसटीत मास्कची लाज वाटली नाही, त्याने तो एकाच दारात उतरवला होता. अक्कांनी त्याच्या कपाळावर चापट मारली, लहान पोराला मारतात तशी. "येडं ते येडंच," म्हणाल्या, आणि पदर डोळ्याला लावून खिडकीकडे गेल्या. मीही रडले. रडले नाही असं कशाला सांगू?

त्याच दिवशी गोळ्या कमी झाल्या. पुढे सगळं डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. राखण जागी झाली, औषधाला हात मिळाला, दोन-तीन महिन्यांत फुप्फुसातली गाठ विरत गेली. आणि त्याच राखणीने अक्कांची किडनी हळूहळू निकामी केली. अण्णा पुन्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायला लागले.

ते कामावर परत आले तेव्हा निम्मे झाले होते. खांद्यांवर शर्ट लोंबत होता. आले, हात धुतले, आणि खुर्चीत बसायच्या आधी खिशातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. ती उलगडून खिळ्याला टोचली, सगळ्यात वर, "बुरशी नाही" ही बाजू समोर करून.

"अण्णा, राहू दे की," मी म्हटलं.

"नेम म्हंजे नेम," ते म्हणाले. मग स्लाईड लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिशी तू दोन दिस थांबली असतीस, तर आज हितं माझी चिठ्ठी टोचायला मी नसतो." आभार मानायची त्यांची पद्धत ही अशी.

त्यानंतर ते दीड वर्ष होते. डायलिसिसच्या दिवशी नाही, बाकी दिवशी अर्धा वेळ यायचे. मास्क लावायची गरज पूर्वीइतकी नव्हती, तरी लावायचे. अक्का यायच्या, बेदाणे द्यायच्या, तोंड निरखायच्या. एक फरक मला जाणवला. अक्कांची हाक आली की अण्णा आता ताडकन उठत नसत. बसल्या जागेवरून "ये की" म्हणायचे, कधीकधी "बेदाणं आंबट हाईत ह्या टायमाला" असंही सांगायचे. देणं-घेणं संपून ती दोघं पुन्हा नुसती बहीण-भाऊ झाली होती. एका सकाळी घरीच, अंघोळ करून देवळात निघताना त्यांचं हृदय थांबलं. डायलिसिसच्या माणसाचं असं होतं, डॉक्टर म्हणाले. बुरशीचा त्यात काही हात नव्हता. अण्णांना हे ऐकून बरं वाटलं असतं.

आता त्या खुर्चीत मी बसते. लॅबमध्ये नवी मुलगी आली आहे, जतकडची, हुशार आणि माझ्यासारखीच घाईची. चिठ्ठ्यांचा नियम चालू आहे. परवा भिंतीला रंग द्यायचा निघाला आणि रंगाऱ्याने खिळा काढायला सांगितला. मी गठ्ठा उतरवून टेबलावर ठेवला, आणि तो चाळताना अण्णांची ती चिठ्ठी हाताला लागली. इतके दिवस तिची समोरची बाजूच बघत आले होते. लॅबमधल्या काळ्या पेनने लिहिलेलं, "बुरशी नाही."

उलटली तर मागे अण्णांच्याच अक्षरात, पण निळ्या शाईत, घरी किंवा हॉस्पिटलच्या खाटेवर कधीतरी लिहिलेलं होतं, "दिसली होती."

म्हणजे नऊ वर्षांत मी अण्णांना एकदाही हरवलं नव्हतं. रंग वाळल्यावर मी खिळा होता तिथेच ठोकून घेतला आणि ती चिठ्ठी पहिली टोचली. समोरची बाजू समोरच ठेवली.